रुमाल टाकून धरलेल्या जागा

संगणक जुना झाला की तो हळू चालतो, ही अफवा प्रथम कोणी उठवली याची एकदा रीतसर चौकशी झाली पाहिजे. माझा संशय विक्रेत्यांवर आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे घसारा म्हणजे काय ते मला कळतं. आयकराच्या हिशेबात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा धरतात, हे कबूल. पण तो घसारा वहीत होतो. यंत्राला त्याची वर्दी कोणी देत नाही.

मग सकाळी बटण दाबल्यावर चहा करून, पिऊन, कप विसळून झाला तरी पडद्यावरचं ते चक्र गरगरतच का राहतं? याचं उत्तर रत्नागिरीच्या एसटी स्टँडावर मिळेल. गणपती आटोपून चाकरमानी मुंबईला परतू लागले की गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, छत्र्या आत पडू लागतात. तुम्ही चढून बघावं, तर गाडीत माणूस एक नाही आणि जागाही एक रिकामी नाही! संगणकाचं अगदी तसंच होतं. गाणी ऐकवणारा प्रोग्राम, बैठका भरवणारा प्रोग्राम, फायली आभाळात नेऊन ठेवणारा, आणि 'माझी नवी आवृत्ती आली का हो?' एवढंच विचारायला उठणारा, असे सगळे आपापला रुमाल टाकून मोकळे होतात. त्यातून तुमच्या संगणकाची डिस्क जुन्या फिरत्या जातीची, म्हणजे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी असली, तर बघायलाच नको. तिला एका वेळी एकाच ठिकाणचं वाचता येतं. पंधरा जणांनी एकदम हाका मारल्या की ती बिचारी या टोकापासून त्या टोकाला धावत सुटते आणि कोणाचंच काम धड होत नाही. पेन्शनच्या दिवशी आमचं काउंटर ज्यांनी पाहिलंय, त्यांना अधिक सांगायला नको.

हे लोक असं करतात तरी का? कंपनीला एवढंच मिरवायचं असतं, की आमचा प्रोग्राम टिचकी मारताच उघडतो. उघडेल नाही तर काय! तो सकाळपासून दाराआड उभाच असतो. चपळाई त्याची, आणि मेमरी खर्ची पडते तुमची. बरं, परवानगी? आमच्या बँकेत एखाद्याच्या खात्यातून दरमहा शंभर रुपये वळते करायचे, तर स्टँडिंग इन्स्ट्रक्शनच्या फॉर्मवर खातेदाराची सही लागते. सही जुळली नाही तर मी फॉर्म परत करतो आणि वर शिव्या खातो. इथे मात्र रोज सकाळी कायमचं घरात शिरायचं ते एका चौकटीतल्या बरोबरच्या खुणेवर, आणि ती खूणसुद्धा पुष्कळदा त्यांनीच आधी करून ठेवलेली! मी कारकून आहे. मला ही पद्धत मान्य नाही. सही घ्या, नाहीतर बाहेर थांबा.

आमच्या आळीत एक निवृत्त मास्तर आहेत. एका दुकानदाराने त्यांना "काका, हा आता गेला, नवा घ्या" असं सांगून चाळीस हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला होता. निवृत्त मास्तरांचे चाळीस हजार म्हणजे काय, हे त्यांचं पासबुक भरणाऱ्याला विचारा. मी त्यांच्याकडे गेलो, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या आणि 'टास्क मॅनेजर' उघडून 'स्टार्टअप'वर गेलो. विंडोज ८ आल्यापासून, म्हणजे २०१२ पासून ही सोय तिथे आहे. त्याआधी 'एमएसकॉन्फिग' असा मंत्र टाइप करावा लागे. यादीत सतरा मंडळी! प्रत्येकापुढे तो किती अडवतो तेही नोंदलेलं: हाय, मीडियम, लो.

"मास्तर, हा कोण?"

"तो प्रिंटरवाला असेल."

"प्रिंटर कुठाय?"

"तो मुलगा पुण्याला घेऊन गेला रे. चार वर्षं झाली."

प्रिंटर गेला, पण त्याचा गडी रोज सकाळी कामावर हजर! मी राइट-क्लिक करून 'डिसेबल' म्हटलं. मास्तर घाबरले. "अरे, पुसला जाईल ना तो?" पुसला जात नाही. प्रोग्राम आपल्या जागी राहतो, बोलावला की येतो. न बोलावता यायचा तेवढा बंद होतो. सतरातले अकरा असे घरी बसवले. अँटिव्हायरसला हात लावला नाही, आवाज सांभाळणारा राहू दिला, आणि ज्याचं नाव कळेना त्याला चौकशी केल्याशिवाय हाकललं नाही. सात मिनिटांचं काम अडीच मिनिटांवर आलं. एकूण खर्च दोन कप चहा, तोही मास्तरांचा.

आता दुकानदार म्हणतील, विंडोज १० चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, त्याचं काय? खरं आहे. पण ते सुरक्षेचं कारण झालं, वेगाचं नव्हे. तसं सांगून विका, माझी हरकत नाही. फक्त फिरती डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली तर जुनं यंत्रसुद्धा पळू लागतं, हेही त्याच दमात सांगा. ते सांगताना घसा बसतो, कारण त्याचं बिल लहान होतं.

पण माझा खरा राग आहे तो 'तुमचा संगणक वेगवान करून देतो' म्हणणाऱ्या प्रोग्रामांवर. मास्तरांच्या यादीत तसले दोन होते. दोघांपुढेही 'हाय' लिहिलेलं होतं.