जहाजें कोणीं बांधावयाचीं?

केंद्र सरकारनें २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत जहाजबांधणीच्या धंद्यास उत्तेजन देण्याकरितां ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यापूर्वीं चारच दिवस पंतप्रधानांनीं भावनगर येथें बोलतांना असें सांगितलें होतें कीं, परदेशी जहाजांच्या भाड्यापायीं आपला देश दरसाल सुमारें सहा लक्ष कोटी रुपये बाहेर घालवितो. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहावे. एका वर्षाच्या भाड्याचा जेमतेम आठवा-नववा हिस्सा, आणि तोही अनेक वर्षांत मिळून खर्चावयाचा! तथापि योजना झाली ही गोष्ट इष्टच आहे, व आम्ही तिचें स्वागत करतों. आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, ह्या पैशानें जहाजें बांधणार कोण, आणि त्यांच्या पाठीशीं कायदा कोणता उभा राहणार?

सानपाड्यांतील आमच्या वाचकांस हा विषय दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे आणि दक्षिणेस थोड्या अंतरावर पनवेलची खाडी तीस येऊन मिळते. आज ह्या पाण्याकडे आपण रेल्वेच्या पुलावरून दोन मिनिटें पाहतों, हिवाळ्यांत रोहित पक्षी आले म्हणजे मुलांस दाखवितों आणि विसरून जातों. परंतु १६५९ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारास ह्याच पाण्यानें झोप येऊं दिली नाहीं. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत त्यानें आपल्या राजास कळविलें कीं, शहाजीच्या पुत्रानें भिवंडी, कल्याण व पनवेल ह्या बंदरांत लढाऊ गलबतें बांधविलीं आहेत, व तीं समुद्रांत उतरूं देऊं नयेत अशी ताकीद आपण दिली आहे. शिवाजी महाराजांच्या ह्या कामावर कांहीं पोर्तुगीज कारागीरही होते; त्यांस वसईकरांनीं फूस लावून काढून नेलें. शिकविणारे पळाले, पण काम थांबलें नाहीं. आमच्या सुतारांनीं जें पाहिलें तें त्यांच्या हातांत राहिलें. पुढें रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत आरमारास राज्याचें एक स्वतंत्र अंग मानलें आणि त्यासाठीं लांकूड कोठून व कसें आणावें ह्याचाही विचार केला. रयतेचीं आंब्या-फणसाचीं झाडें जबरीनें तोडूं नयेत इतकी बारीक काळजी त्या ग्रंथांत आहे. जहाज बांधण्याचा विचार रानांतल्या झाडापासून करावा लागतो, हें त्या काळच्या मुत्सद्द्यांस कळलें होतें.

मग हें आरमार गेलें कोठें? ह्याचें उत्तर देतांना इंग्रजांस शिव्या देऊन मोकळें होण्याची आपणांस संवय आहे. परंतु १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या बंदरांत आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें, तेव्हां वॉटसन आणि क्लाइव्ह तेथें आगंतुक आले नव्हते. त्यांस पेशव्यांनीं बोलाविलें होतें. तुळाजी आंग्रे उद्दाम होता, हें खरें मानूं. उद्दाम सरदारास वठणीवर आणावें. पण त्याकरितां पिढ्यान् पिढ्या जमविलेलीं गलबतें परक्याच्या हातून जाळवावीं, हा कोणता राजकारणाचा प्रकार? विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीकांठीं खडक फोडून केलेल्या गोदीच्या खुणा अद्याप दिसतात. त्या पाहून ज्यास लाज वाटत नाहीं त्यानें इतिहासाचा अभिमान बाळगूं नये.

खाडीच्या मुखापलीकडे मुंबईंत मात्र निराळाच उद्योग चालला होता. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ त सुरतेहून कांहीं सुतारांसह मुंबईस आले; १७५० त तेथें पहिली सुकी गोदी तयार झाली. मलबारच्या सागाची जहाजें विलायतच्या ओकाच्या जहाजांहून टिकाऊ ठरलीं. ‘त्रिंकोमाली’ हें लढाऊ जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं मुंबईंत पाण्यांत उतरलें. त्यानंतर चोविसाव्या दिवशीं खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा निकाल लागावयास प्रारंभ झाला. एकाच महिन्याच्या अंतरानें येथील कारागिराचें काम तरंगलें आणि येथील राज्य बुडालें! तें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आज दोनशें वर्षांनंतरही पाण्यावर आहे. ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर १८४२ त चीनला नानकिंगचा तह करावा लागला, तेंही मुंबईचेंच. आमच्या सुतारांच्या हातांत कसब होतें. तें कोणासाठीं राबलें, हें मात्र त्यांच्या हातांत नव्हतें.

ह्या कसबास आळा घातला तो कायद्यानें. आम्ही स्वतः कायद्याचे पदवीधर असल्यानें ह्या ठिकाणीं थोडें अधिक थांबतों. वाचकांनीं क्षमा करावी. हिंदुस्थानांत बांधलेलीं जहाजें टेम्स नदींत माल घेऊन येऊं लागलीं तेव्हां लंडनच्या जहाजवाल्यांनीं एकच ओरड केली. त्या ओरडीस मान देऊन १८१४ सालीं पार्लमेंटानें जो कायदा केला, त्याचा रोख असा होता: जहाजास ब्रिटिश जहाजाचे हक्क पाहिजेत तर त्यावरील तीन चतुर्थांश खलाशी ब्रिटिश असले पाहिजेत, आणि हिंदी खलाशी कंपनी सरकारच्या मुलुखांत जन्मला असला तरी त्यास ब्रिटिश खलाशी समजावयाचें नाहीं. कायद्याचीं पुस्तकें वाचतांना झोप येते असें म्हणणाऱ्या मित्रांनीं ही एक तरतूद जागेपणीं वाचावी. कर द्यावयाच्या वेळीं तो खलाशी सरकारचा प्रजाजन, आणि शिडाची दोरी ओढावयाच्या वेळीं परका! जहाज मुंबईचें, साग मलबारचा, परंतु खलाशी दुप्पट-तिप्पट पगाराचे विलायतेहून आणावयाचे म्हटल्यावर तें जहाज बांधवून घेण्यास कोणता व्यापारी धजेल?

वाफ आणि लोखंड आलें म्हणून आमची जहाजबांधणी बुडाली, असें म्हणणारे अर्धेंच खरें सांगतात. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईंतच १८२९ त बांधली गेली. जहांगीर नौरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे वाडिया घराण्यांतील दोन तरुण १८३८ त आगबोटींची विद्या शिकण्याकरितां इंग्लंडास गेले. आर्देशीर करसेटजी १८४१ त लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. आणि त्या शतकांत आमचे शास्त्रीपंडित कशांत गढले होते? समुद्र ओलांडल्यास प्रायश्चित्त कोणतें घ्यावें, ह्या वादांत! हातांत पटाशी धरणाऱ्यास आम्हीं हलका मानला, आणि लेखणी धरणाऱ्यांपैकीं एकासही जहाजाचा आराखडा काढावासा वाटला नाहीं. आम्ही वकील झालों, कारकून झालों, अडते झालों. हा दोष पार्लमेंटाच्या माथीं मारतां येत नाहीं.

विसाव्या शतकांत ह्या धंद्यानें पुन्हां मान वर काढली ती स्वदेशी भांडवलाच्या जोरावर. ५ एप्रिल १९१९ रोजीं सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून विलायतेस निघाली. किनाऱ्यावरील व्यापार हिंदी जहाजांसाठीं राखून ठेवावा म्हणून साराभाई नेमचंद हाजी ह्यांनीं १९२८ त कायदेमंडळांत बिल आणलें. तें सिद्धीस गेलें नाहीं, आणि १९३५ च्या राज्यघटनेंत तर ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभाव करतां येऊं नये असें ११५ वें कलमच घालण्यांत आलें. असें असतांही सोलापूरचे वालचंद हिराचंद थांबले नाहींत. त्यांच्या विशाखापट्टण येथील कारखान्याचा पाया २१ जून १९४१ रोजीं राजेंद्रप्रसादांच्या हस्तें घातला गेला, आणि १४ मार्च १९४८ रोजीं ‘जलउषा’ पाण्यांत उतरली. सोलापूरच्या माणसास जहाजाचा कारखाना काढण्याकरितां आंध्र किनारा गांठावा लागला, ही गोष्ट मुंबईकरांनीं विसरूं नये. पुढें स्वतंत्र सरकारनें १९५८ च्या कायद्यानें परदेशी जहाजांस किनारी व्यापाराकरितां परवाना घेणें भाग पाडलें, व तो निर्बंध २०२५ च्या नव्या किनारी जहाज वाहतूक कायद्यांतही ठेवला आहे. माझगांवची गोदी १९६० त सरकारनें घेतली आणि १९७२ त तेथें बांधलेली ‘निलगिरी’ आरमारांत दाखल झाली. तेव्हांपासून तेथें विनाशिका व पाणबुड्याही होत आहेत. म्हणजे गिऱ्हाईक पक्कें असलें कीं आमचा कामगार कशांतही कमी पडत नाहीं. व्यापारी जहाजांस मात्र असें गिऱ्हाईक नाहीं. जगांतील जहाजबांधणींत आपला वाटा शेंकडा एकाहूनही कमी आहे, आणि न्हावाशेव्याच्या बंदरांत आमच्या व्यापाऱ्यांचा माल ज्या जहाजांवर चढतो, त्यांतील बहुतेकांचें निशाण परकें असतें.

आतां नव्या योजनेकडे पुन्हां वळूं. २०२५ सालींच मोठ्या जहाजांस पायाभूत सोयींचा दर्जा देण्यांत आला, जेणेंकरून त्यांस दीर्घ मुदतीचें व हलक्या व्याजाचें कर्ज मिळावें. पण त्याची मर्यादा पाहा: दहा हजार टनांचें जहाज, अथवा देशांत बांधलेलें असल्यास दीड हजार टनांचें. दिवाळ्याच्या कोळीवाड्यांतील होडी ह्या हिशेबांत कोठें बसते? मोठ्या गोद्यांस पैसा द्यावा, ह्यास आमची हरकत नाहीं. परंतु ज्या हातांनीं पनवेलचीं गलबतें बांधलीं त्यांचे वारस ह्या खाडीवर अद्याप होड्या डागडुजी करून वापरतात, आणि भरतीच्या रेषेवर होडी ओढून ठेवण्यास त्यांस जागा शोधावी लागते. त्यांच्या जमिनी १९७० नंतर नव्या शहरासाठीं गेल्या. पाणी तेवढें राहिलें.

खारफुटी तोडून जागा करावी, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. उच्च न्यायालयानें खारफुटीस दिलेलें संरक्षण योग्य आहे, आणि ती गेली तर मासळीही जाईल. परंतु किनारा नियमन अधिसूचनेंतच मच्छीमारांकरितां जाळीं विणण्याच्या व परंपरागत होड्या बांधण्याच्या जागांस वाव ठेवला आहे. तेव्हां महापालिकेनें सारसोळे, दिवाळे, वाशी येथील खाडीकांठीं, जेथें खारफुटी नाहीं अशा ठिकाणीं, होड्या बांधण्याचे भूखंड विकास आराखड्यांत नांवानिशीं राखून ठेवावे. आणि वाशी-तुर्भ्याच्या बाजारांतील व्यापारी मंडळींनीं आपल्या मालापैकीं कांहीं भाग पाण्यानें नेण्याचा हिशेब एकदां मांडून, त्यासाठीं एक तरी मचवा येथील सुतारांकडून बांधवून घ्यावा. अर्ज कोणीं लिहावा असा प्रश्न असेल, तर तो आम्ही लिहून देऊं, आणि त्याची फी घेणार नाहीं. सह्या मात्र कोळीवाड्याच्या सुतारांच्या आणि बाजारांतील अडत्यांच्या एकाच कागदावर पाहिजेत.