झाडून साफ केलेले रान

स्कुकुझा हे दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या सर्वांत मोठ्या तळाचे नाव. वन्यजीव पाहण्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तुकड्यांपैकी पुष्कळांचा मुक्काम इथे होतो. हत्ती, जिराफ, रानकुत्रे यांच्या नोंदींनी त्यांच्या वह्या भरतात. तळाच्या नावाचा अर्थ मात्र त्यांतील किती वह्यांत उतरतो, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हा स्कॉटिश लष्करी अधिकारी १९०२ मध्ये इथल्या राखीव रानाचा पहिला रखवालदार म्हणून आला. त्याने शिकारचोरांना हुसकावले आणि त्याचबरोबर तिथे पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून असलेल्या लोकांनाही बाहेर काढले. स्थानिकांनी त्याला दिलेले नाव म्हणजे स्कुकुझा. ‘झाडून साफ करणारा’ असा त्याचा अर्थ सांगतात. ‘सगळे उलथेपालथे करणारा’ असाही सांगतात. हे नाव कौतुकाने दिले की कडवटपणाने, हा प्रश्न साहित्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ताबडतोब पडावा. पुढे ते मुख्य तळालाच देण्यात आले आणि त्यातली धार बोथट झाली.

अशा अभ्याससहली प्राणिशास्त्राच्या आणि पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आखल्या जातात, आणि त्यांची उपयुक्तता वादातीत आहे. जनावर समोर असताना डोळा आणि हात एकाच वेळी चालवण्याची सवय वर्गात लागत नाही. प्रश्न आहे तो ‘निरीक्षण’ या शब्दाच्या व्याप्तीचा. जे दिसते तेवढेच निरीक्षणाचा विषय, की जे दिसेनासे केले गेले तेही? वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. संहितेत काय गाळले आहे हे पाहिल्याशिवाय वाचन पुरे होत नाही, असे आपण वर्गात रोज सांगत असतो. मग रानाला हा न्याय का लावू नये?

‘बिग फाइव्ह’ हीच संज्ञा घ्या. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस हे पाच प्राणी पाहिले म्हणजे आफ्रिका पाहिली, असा पर्यटकांचा समज असतो. ही यादी शिकाऱ्यांची आहे. पायी शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत धोक्याचे, ते तिच्यात आले. चित्ता तिच्यात नाही, जिराफ नाही, वाळवी तर नाहीच. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला तरी यादी तीच राहिली. विद्यार्थ्याची दृष्टी घडवणारी पहिली संज्ञाच अशी वारशाने आलेली असेल, तर ‘आम्ही केवळ पाहतो’ हे म्हणणे भाबडे ठरते.

दुसरा तसाच शब्द ‘अस्पर्श’. प्रवासवर्णनांत आणि माहितीपत्रकांत या भूमीला तो हटकून लावला जातो. प्रत्यक्षात उद्यानाच्या उत्तर टोकाला, पाफुरी भागात, थुलामेला येथे दगडी तटबंदीच्या नगराचे अवशेष आहेत. १९९० च्या दशकात तिथे उत्खनन झाले आणि राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्या व सोन्याचे मणी सापडले. फालाबोर्वाजवळच्या मासोरिनी येथे लोखंड गाळणाऱ्यांची वस्ती होती. म्हणजे माणूस या रानात होता, व्यापार करीत होता, धातू घडवीत होता. ‘अस्पर्श’ निसर्ग आधी कल्पनेत तयार झाला आणि मग माणसे हलवून तो जमिनीवर तयार करण्यात आला.

हे सगळे फार जुनेही नाही. १९६९ मध्ये याच पाफुरी भागातून माकुलेके समाजाच्या सुमारे ३,००० लोकांना सक्तीने हलवण्यात आले. स्वतःची घरे त्यांना स्वतःच्या हातांनी जाळायला लावली होती. वर्णभेदी राजवट संपल्यावर त्यांनी दावा दाखल केला आणि १९९८ मध्ये सुमारे २४,००० हेक्टर जमिनीची मालकी त्यांना परत मिळाली. पण ती संवर्धनासाठीच वापरायची, या करारावर. ते तिथे पुन्हा राहायला गेले नाहीत. जमीन उद्यानाचाच भाग राहिली, तिच्या व्यवस्थापनात आणि उत्पन्नात त्यांचा वाटा आला. हा न्याय झाला की तडजोड, यावर दुमत होऊ शकते. पाफुरीत जाणाऱ्या विद्यार्थ्याला तो प्रश्न पडलाच नाही, तर मात्र सहल अपुरी राहिली असे म्हणावे लागेल.

इथे एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो हलका नाही. कुंपणे नसती तर पाहायला उरले असते काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेच्या दक्षिण भागातील पांढरे गेंडे शंभराच्याही आत आले होते. आजच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातील राखीव रानात ते तगले, तिथूनच १९६० च्या दशकात क्रूगरमध्ये पुन्हा आणले गेले आणि पुढे त्यांची संख्या हजारोंनी वाढली. शिंगांसाठी होणारी चोरटी शिकारही काल्पनिक नाही. एकट्या २०१४ या वर्षात दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे मारले गेले. तेव्हा उद्यान म्हणजे निव्वळ वसाहतवादी लबाडी, असा सोपा निष्कर्ष काढणारा समीक्षकही यादी घेऊन फिरणाऱ्या पर्यटकाइतकाच वरवर पाहतो. गेंडा वाचला हे खरे आणि माणसे उठली हेही खरे. अडचण दोन्ही एकाच वहीत मांडण्याची आहे.

ती मांडायची रीत शिकवणारे लोक त्याच रानात आहेत. ठशाची कड किती ढासळली आहे, त्यात दव आधी पडले की नंतर, त्यावरून कीटक चालून गेला आहे काय, एवढ्यावरून माग काढणारा जनावर केव्हा आणि कोणत्या मनःस्थितीत गेले ते सांगतो. लुई लिबेनबर्ग यांनी १९९० च्या ‘द आर्ट ऑफ ट्रॅकिंग’ या पुस्तकात कालाहारीतील सान शिकाऱ्यांच्या या विद्येत वैज्ञानिक विचाराचा उगम पाहिला. अंदाज बांधणे, तो पुराव्याशी ताडून पाहणे, चुकल्यास मागे येणे, हे सगळे तिच्यात आहे. पुढे लिबेनबर्ग यांनीच अशा लोकांना नोंदी करता याव्यात म्हणून चित्रखुणांची संगणकप्रणाली तयार केली, कारण त्यांतील कित्येकांना अक्षरे येत नव्हती. आपल्या परिभाषेत ही माणसे निरक्षर. वाचन शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी या शब्दापाशी थोडे थांबायला हवे.

साहित्याने हे काम काही प्रमाणात केलेले आहे. न्जाबुलो न्देबेले यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या एका निबंधात सफारीच्या आलिशान निवासात उतरलेल्या कृष्णवर्णीय पर्यटकाची अवघडलेली अवस्था उलगडली आहे. प्राणी पाहायला आलेला तो स्वतःच प्रेक्षणीय होऊन बसतो. जेकब द्लामिनी यांचे ‘सफारी नेशन’ (२०२०) याच्या पुढे जाते. कृष्णवर्णीयांना रानात रस नव्हता हा समज ते खोडून काढते आणि मजूर, प्रवासी, पर्यटक अशा अनेक नात्यांनी ते क्रूगरशी जोडलेले होते हे दाखवते. असे लेखन सहलीच्या वाचनयादीत पक्ष्यांच्या मार्गदर्शिकेशेजारी असायला काय हरकत आहे?

आपल्यालाही हा विषय दूरचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून ८ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोला आले. त्यांच्या जगण्यामरण्याच्या बातम्या आपण उत्सुकतेने वाचल्या. त्या रानातली २४ गावे, मुख्यतः सहरिया आदिवासींची, त्याआधी वीसेक वर्षे उठवली गेली होती. तीही गीरच्या सिंहांसाठी, जे तिथे आजवर आलेलेच नाहीत. त्या गावांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

म्हणून सूचना साधी आहे. अशा सहलींत साहित्याचे आणि इतिहासाचे विद्यार्थीही असावेत, आणि वहीत प्राण्याच्या नावाबरोबर जागेचे नाव, ते कोणी दिले आणि तिथून कोण गेले, याचीही नोंद व्हावी. त्याने हत्तीचे भव्यपण उणावणार नाही. तो ज्या जमिनीवर उभा आहे ती मात्र दिसू लागेल.