पेटी भक्कम, बैठक कच्ची

सकाळच्या वेळी भिवंडीच्या एखाद्या नाक्यावर किंवा मालेगावात यंत्रमागांच्या वस्तीत अर्धा तास उभे राहावे. वेल्डिंगवाले, माग दुरुस्त करणारे मिस्त्री, शटरवाले, जनरेटरवाले यांच्या छोट्या मालगाड्या कामावर निघालेल्या दिसतात. २००५ साली ‘छोटा हत्ती’ बाजारात आल्यापासून आपल्या अनेक कारागिरांनी भाड्याचा टेम्पो सोडून स्वतःची गाडी केली, ही समाधानाची गोष्ट आहे. या गाड्यांच्या हौद्यात हत्यारांची पेटी असते. पेटी पाहावी तर जाड पत्र्याची, दुहेरी कडीची, मोठे कुलूप लावलेली. पण ती उभी कशावर असते? विटांवर, लाकडाच्या ठोकळ्यांवर, नाहीतर अँगलच्या चार बारीक पायांवर. आणि बांधलेली कशाने? दोरीने. चोराची काळजी आपण घेतो, ब्रेकची घेत नाही.

हे आम्ही इतरांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. आम्हीही यातलेच. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात कसारा घाट उतरताना पुढच्या ट्रकने एकाएकी वेग कमी केला आणि आम्ही ब्रेक दाबला. दोरी तुटली, पेटी सरकली आणि केबिनच्या पाठीवर आदळली. काच फुटली, पत्रा आत आला. आमच्या हाताखालचा मुलगा एरवी केबिन आणि पेटी यांच्यामधल्या जागेत बसत असे. त्या दिवशी पाऊस म्हणून तो पुढे बसला होता. त्याचे पाय पावसाने वाचवले, आमच्या शहाणपणाने नव्हे.

आता थोडा हिशेब करू. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी २ मिलिमीटर पत्र्याची केली, तर नुसता पत्राच ५८ किलोच्या आसपास भरतो. सांगाडा, बिजागऱ्या, कडी धरून वजन सत्तरच्या घरात जाते. त्यात ग्राइंडर, घण, पाने, वाइस, चेनपुली भरली की २०० किलो सहज होतात. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात ब्रेक लागताना माल आपल्या वजनाच्या आठ दशांश जोराने पुढे येतो आणि वळणावर निम्म्या जोराने बाजूला जातो, असे धरतात. म्हणजे आपली पेटी १६० किलोच्या जोराने पुढे धावते. हा जोर दोरीने आणि विटांनी पेलायचा नसतो.

हौद्याचा पत्रा हा वजन पेलणारा भाग नाही. वजन पेलतात त्याच्या खालच्या आडव्या पट्ट्या, आणि त्यांच्याकडून ते चासीवर जाते. पेटीचे चार पाय दोन पट्ट्यांच्या मधे आले की पत्रा खचतो, खड्ड्यात पाणी साचते आणि गंज धरतो. कोणी पेटी दोन्ही बाजूंच्या फाळक्यांवर टेकवतात. पण फाळका हा बिजागरीवर उघडणारा भाग आहे, तो ओझे उचलण्यासाठी केलेला नाही.

योग्य रीत अवघड नाही. ५० बाय ५० बाय ६ मापाच्या अँगलचे तीन फुटी तीन तुकडे गाडीच्या लांबीच्या दिशेने पेटीखाली पक्के करावेत. त्यांची सपाट बाजू हौद्यावर, खाली रबराच्या पट्टीसह बसावी, आणि प्रत्येक तुकडा निदान दोन आडव्या पट्ट्यांवर यावा. मग १२ मिलिमीटरचे चार बोल्ट आरपार घालून खालून चार इंची जाड पट्टी लावावी, म्हणजे बोल्ट पत्रा फाडून वर येत नाही. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून टाकी, ब्रेकची नळी व तारा कुठे आहेत ते पाहावे. चासीच्या मुख्य दांड्यांना भोक पाडू नये, वेल्डिंगही करू नये. भोकांच्या कडांना रंग लावावा आणि आठवड्याभराने नट पुन्हा आवळावेत.

पेटीची जागा केबिनला लागून असावी. काढघालीला सोपी म्हणून अनेकजण ती मागच्या फाळक्याजवळ ठेवतात. दोन चाकांमधले अंतर २१० सेंटिमीटर आणि पेटी मागच्या चाकाच्या ७० सेंटिमीटर मागे असेल, तर २०० किलोची पेटी पुढची चाके ६७ किलोने हलकी करते आणि मागच्या चाकांवर २६७ किलो टाकते. पुढचे चाक हलके झाले की स्टिअरिंगची पकड कमी होते. मग पावसात गाडी का ऐकत नाही, याचे नवल वाटू नये.

आणखी एक गोष्ट व्यापाराची. आरसी बुकात रिकाम्या व भरलेल्या गाडीचे वजन लिहिलेले असते. त्यांच्यातला फरक हीच गाडीची क्षमता. ती ७५० किलो असेल तर पेटी गेल्यावर उरले ५५०. भाड्याचा माल घेताना हे २०० किलो आपण विसरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी २०,००० रुपये दंड लिहिला आहे.

काही बांधव म्हणतील की भोके पाडली तर गाडीची किंमत उतरते. म्हणणे अगदीच खोटे नाही. पण खचलेला, गंजलेला हौदा पाहून गिऱ्हाईक जास्त किंमत देईल काय? आणि खर्चाचे म्हणाल, तर बैठकीचे सगळे लोखंड चौदा किलोच्या आसपास होते. पेटीला सत्तर किलो लोखंड घालणाऱ्याने चौदा किलोसाठी हात आखडू नये.

पेट्या बनवणाऱ्या आमच्या फॅब्रिकेशनवाल्या बांधवांना आमचे विशेष सांगणे आहे. बैठक ही वेगळी मागून घ्यायची वस्तू ठेवू नका. अंदाजपत्रकात पेटी आणि बैठक यांचा एकच दर द्या. गिऱ्हाईक “चार पाय लावून द्या, चालेल” म्हणाले तर ते का चालणार नाही हे त्याला समजावून सांगा. एखादे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईलही. पण आपल्या हातची पेटी कोणाच्या अंगावर गेली, असे ऐकण्यापेक्षा ते बरे.

पेटीची बैठक कच्ची ठेवून जे पैसे वाचतात, ते उस्तादाच्या खिशात राहतात. त्याची किंमत मात्र मागे बसणारा, काम शिकायला आलेला मुलगा मोजतो. तेव्हा उद्या गाडी काढण्यापूर्वी पेटीला दोन्ही हातांनी एकदा जोराने ढकलून पाहावे. ती हलली, तर त्या दिवशी पहिले काम तेच. आणि मुलाला केबिनमध्येच बसवावे, पाऊस असो वा नसो.