विश्लेषण : तुरुंगातील हाणामारी सुरू होण्याआधीच रोखता येते का?

कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात जून २०२४ मध्ये १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील एका कैद्याची डोक्यात लोखंडी झाकण घालून हत्या झाली. आंघोळीच्या जागेवरील वादातून हा प्रकार घडल्याचे समोर आले. असे वाद चिघळू नयेत, यासाठी कारागृह कर्मचाऱ्यांनी नेमके काय करणे अपेक्षित आहे?

ठिणगी कुठे पडते?

बहुतेकदा पाणी, जेवण, झोपायची जागा, मुलाखतीची पाळी अशा रोजच्या गोष्टींवरून. २०१७ मध्ये भायखळा महिला कारागृहात दोन अंडी आणि पाच पावांच्या हिशेबावरून एका महिला कैद्याला मारहाण झाल्याचा आरोप झाला. तिच्या मृत्यूनंतर कैदी महिलांचा उद्रेक झाला. सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली.

मनुष्यबळाचे गणित काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार देशातील तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची सोय होती आणि कैदी होते ५,७३,२२०. म्हणजे १०० जणांच्या जागेत १३१. आदर्श कारागृह नियमावलीत सहा कैद्यांमागे एक रक्षक अपेक्षित आहे. हे प्रमाण पूर्ण पाळले, तरी तीन पाळ्यांमुळे एका वेळी १८ कैद्यांमागे एकच रक्षक उरतो. रजा आणि रिक्त पदे वेगळीच.

बळाचा वापर कधी करता येतो?

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या ‘नेल्सन मंडेला नियमां’नुसार स्वसंरक्षण, पळून जाण्याचा प्रयत्न किंवा कायदेशीर आदेशाला शारीरिक विरोध झाल्यासच. तोही गरजेपुरता, आणि लगेच वरिष्ठांना अहवाल देऊन. वाटाघाटी व मध्यस्थीने तणाव निवळवण्याचे प्रशिक्षणही कर्मचाऱ्यांना द्यावे, असे हे नियम सांगतात.

सीसीटीव्ही पुरेसा आहे का?

नाही. मे २०२३ मध्ये तिहार तुरुंगात एका गुंडाची हत्या झाली. जखमी अवस्थेत नेताना सुरक्षारक्षकांसमोरच त्याच्यावर पुन्हा वार झाल्याचे कॅमेऱ्यात दिसले. तमिळनाडू विशेष पोलीस दलाच्या सात जणांना निलंबित करण्यात आले. कॅमेरा पुरावा देतो. मध्ये पडण्यासाठी पुरेसे, प्रशिक्षित मनुष्यबळच लागते. एकट्या रक्षकाने अशा वेळी मध्ये पडणे त्याच्याही जिवावर बेतू शकते.

मग उपाय कोणता?

बराकीत रोज फिरणारा, कैद्यांशी बोलणारा कर्मचारी. कोण अचानक गप्प झाला, कोणी जागा बदलून मागितली, कोणत्या दोघांत धुसफुस आहे, हे त्याला आधी कळते. तुरुंग व्यवस्थापनात याला ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ म्हणतात. मग वैऱ्यांना वेगळ्या बराकीत हलवणे, तक्रार त्याच दिवशी ऐकणे शक्य होते. घरच्यांशी नियमित बोलता आले, तरी ताण कमी होतो. येरवड्यात २०२३ मध्ये कैद्यांसाठी स्मार्ट कार्ड दूरध्वनी सुरू झाला. मात्र शेकडो कैद्यांच्या बराकीला मोजकेच रक्षक असतील, तर त्यांचा सगळा वेळ मोजणी, झडती आणि कुलपांतच जातो.