नकाराची लाज कशाला?

पुण्यात मुलाला अमेरिकेचा व्हिसा मिळाला की संध्याकाळच्या आत सोसायटीत पेढे पोचतात. नाकारला गेला की तेच घर गप्प होतं. कुणी विचारलंच तर ‘अजून प्रोसेसिंग चालू आहे’ एवढंच उत्तर. मुलगा लग्नकार्याला जायचं टाळतो, आईबाप नातेवाइकांचे फोन घेत नाहीत. यंदा वर्षभर आम्हाला या गप्प बसण्याचा राग येत राहिला.

२०२५ हे वर्ष तसं साधं नव्हतं. सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यातली उभी पिकं नेली. त्याआधी मे महिन्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. १९५७ साली केंब्रिजला गेलेला हा माणूस १९७२ साली परत आला आणि पुढे त्यानं पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. या दोन्हींवर अंकात स्वतंत्र लेख आहेत, म्हणून इथं विस्तार करत नाही.

व्हिसाचं काय झालं ते मात्र सांगायला हवं. मे अखेरीस अमेरिकेनं विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबवलं. ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू होणार, कर्ज मंजूर झालेलं, आणि स्लॉट नाही. जूनमध्ये तारखा पुन्हा सुरू झाल्या त्या समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना खुली करण्याच्या अटीसह. २ सप्टेंबरपासून ड्रॉपबॉक्सची, म्हणजे मुलाखतीशिवाय व्हिसा मिळण्याची सोय बहुतेकांसाठी गेली. ऐंशीच्या पुढच्या आजोबांना मुलाखतीतून असलेली सवलतही त्यात गेली. १९ सप्टेंबरला एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ८८ लाख रुपये शुल्क जाहीर झालं. ते फक्त नव्या अर्जांना आहे हा खुलासा यायच्या आत, घटस्थापनेसाठी घरी आलेल्या किती जणांनी मिळेल त्या विमानाची तिकिटं काढली असतील! ज्यांनी आपल्या बाजूचं सगळं चोख केलं होतं, त्यांच्यावर नियम मध्येच उलटले. यात त्या मुलांचं काय चुकलं?

नकार म्हणजे नालायकी, हा आपला समजच मुळात खोटा आहे. अमेरिकेचा १९५२चा कायदा असं धरून चालतो की विद्यार्थी किंवा पर्यटक म्हणून येणारा प्रत्येक जण तिथं कायमचा राहायलाच येतो आहे. तसं नाही हे पटवून द्यायची जबाबदारी अर्जदारावर. हे पटवायचं केव्हा, तर मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीसमोर मिळणाऱ्या दोन-चार मिनिटांत. लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आईलाही तोच कायदा लागू. या कारणानं अर्ज नाकारला तर पुन्हा शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो. त्यानं कुणाच्या नावावर डाग पडत नाही.

डाग पडतो तो लपवण्यानं. व्हिसासाठीच्या डीएस-१६० अर्जात स्पष्ट प्रश्न असतो: याआधी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का? ज्या घरानं शेजाऱ्यांपासून, सख्ख्या काकांपासून नकार लपवला, त्या घराला ‘इथेही नाही लिहा, कोण बघतंय’ हा एजंटचा सल्ला चटकन पटतो. बघणाऱ्याच्या संगणकावर सगळी नोंद असते. जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं ठरलं तर त्या देशाचं दार जन्मभरासाठी बंद होऊ शकतं. मग त्यातून सवलत मिळवणं फार अवघड. एका साध्या नकाराची लाज वाटली म्हणून पोराचं आयुष्य अडकवायचं? आणि एजंट पैसे कशाचे घेतो? खिडकीत काय विचारतात, कोणता कागद मागतात, कोणता नियम गेल्या महिन्यात बदलला, याचे. ही सगळी माहिती आपल्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, नकार मिळालेल्या दुसऱ्या घरात असते. तिथलं घरही गप्प असतं, एवढंच.

यंदाच्या अंकाचा विषय ‘प्रवास’ आहे, म्हणून आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ साली त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा व्हिसा नावाची अडचण नव्हती; अडचण होती ती आपल्याच लोकांची. अठरा वर्षंही पूर्ण न झालेल्या या मुलीनं बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात भर सभेत उभं राहून आपण का जातो ते सांगितलं. कुणापासून काही लपवलं नाही. पुढे १९१७ साली अमेरिकेनं हिंदुस्थानातल्या मजुरांना दार बंद केलं, १९४६ साली ते वर्षाला शंभर माणसांपुरतं उघडलं, १९६५ साली राष्ट्रीयत्वाचे जुने कोटे काढले आणि मग आपले डॉक्टर-इंजिनिअर मोठ्या संख्येनं गेले. ते दार त्या देशाच्या राजकारणानुसार उघडत-मिटत आलं आहे. आपल्या मुलांची किंमत त्यावरून करू नये.

वाचकहो, ज्यांना यंदा नकार मिळाला त्यांनी आम्हाला लिहावं. कोणत्या व्हिसासाठी गेला होतात, काय विचारलं, काय उत्तर दिलंत, कोणता नियम आड आला, हे तारखेसह कळवा. नाव छापणार नाही. आलेली पत्रं येत्या अंकांत देऊ. आणि दिवाळीच्या फराळाला बसाल तेव्हा, ज्या घरी यंदा पेढे वाटले गेले नाहीत, तिथल्या मुलालाही आवर्जून बोलवा.