नामकरणाचा अधिकार

मृगाच्या सरी कोसळल्या की बारामती-इंदापूरच्या शिवारात बेडकांचा घोष सुरू होतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात ज्याच्यावर स्वतंत्र सूक्त रचले गेले, तोच हा जीव. परंतु याच शिवारातील मोठ्या पिवळ्या बेडकाचे शास्त्रीय नाव ठेवले ते दोदँ या फ्रेंच निसर्गतज्ज्ञाने, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. याची खंत अनेकांना वाटते. मात्र केवळ खंत करून भागत नाही.

ज्या सह्याद्रीचे पाणी नीरा डाव्या कालव्याने या दोन तालुक्यांना मिळते, त्याच सह्याद्रीतील कोयनेचे उदाहरण उद्बोधक आहे. १९६३ मध्ये पी. डब्ल्यू. सोमण यांनी तेथील शिवसागर जलाशयाच्या परिसरातील ‘टोड’ प्रकारच्या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला ‘बुफो कोयनाएन्सिस’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या अ‍ॅलिस ग्रँडिसन आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांनी त्याच बेडकाला ‘बुफो सल्फ्युरियस’ म्हटले. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य ठरते. साहजिकच सोमणांचे नाव टिकले. तेथे संस्थेची कीर्ती नव्हे, एका वर्षाची आघाडी निर्णायक ठरली.

२००९ मध्ये डॉ. एस. डी. बिजू, वरद गिरी आदी संशोधकांनी हा बेडूक आणि आंबोलीचा त्याचा नवा भाऊबंद यांच्यासाठी ‘झँथोफ्राइन’ ही स्वतंत्र प्रजाती मांडली. जणू आडनाव बदलले. कोयनेचे नाव मात्र अबाधित राहिले. सह्याद्रीखेरीज हे बेडूक जगात अन्यत्र आढळत नाहीत.

नावाचा हा आग्रह पोकळ अभिमानापोटी नाही. परदेशी ताटांसाठी आपल्या शिवारातील मोठ्या बेडकांचे पाय निर्यात होत, तेव्हा १९८५ मध्ये त्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले ते त्याच्या शास्त्रीय नावानिशी. १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली. ज्याची नोंदच नाही, त्याचे रक्षण कोणता कायदा करणार?

भिगवणचे रोहित पाहायला गर्दी लोटते. ओढ्याकाठच्या बेडकाकडे कोणी वळून पाहत नाही. बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांतील तरुणांनी दर पावसाळ्यात आपल्या गावच्या बेडकांची शास्त्रशुद्ध नोंद ठेवावी. नामकरणाचा अधिकार मागून मिळत नाही. तो अभ्यासाने मिळवावा लागतो.