दंडाची पावती हाच आमचा सातबारा

फोन आला तेव्हा मी गोदीत होतो. रात्रपाळी. कंटेनरच्या साखळ्या आवळून हाताची सालटी निघालेली. पलीकडून आजी बोलत होती, बीड जिल्ह्यातून, बालाघाटाच्या कडेच्या आमच्या गावातून.

"कागूद आलाय, लेकरा. शेजारच्या पोरानं वाचून दावला. मला काय उमगंना. अतिक्रमण म्हंजी काय रं?"

मी मॅट्रिक झालेला माणूस. कविता करतो. शब्दांचं खातो म्हटलं तरी चालेल, अर्थात शब्दांनी पोट भरत नाही म्हणून गोदीत आहे. पण आजीला या एका शब्दाचा अर्थ सांगता येईना. शेवटी बोललो, "आजी, अतिक्रमण म्हंजी तू."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आसं व्हय? मंग इतकी वर्सं दंड कशाचा घेतला?"

दोस्तांनो, या अंकाचं संपादकीय म्हणजे आजीचा हा एक सवाल. माझं म्हणणं त्याच्यापुढे फार जात नाही.

माझ्या आज्यानं १९८४ साली गावच्या गायरानात तीन एकर तुकडा धरला. तुकडा कसला, नुसता मुरूम. वर्षभर घरादारानं धोंडे वेचले, त्याच धोंड्यांचा बांध घातला, पहिल्या साली हुलगा पेरला. पुढं बाजरी, तूर, मग कापूस. दरसाल माणूस यायचा, अतिक्रमणाचा दंड घ्यायचा, पावती फाडायचा. आजीनं त्या पावत्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. पाटलाच्या घरात जमिनीचे दस्तऐवज ठेवतात तशा. आमच्याकडं दस्तऐवज नव्हता. गुन्ह्याची पावती होती. तीच आम्ही जपली.

आता गायरान म्हणजे काय ते समजून घ्या. मुंबई-पुण्यात वाढलेल्या आपल्या पोरांना हा शब्द नुसता ऐकून माहीत असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम २० प्रमाणं जी जमीन कुणाच्या मालकीची नाही ती सरकारची. कलम २२ प्रमाणं कलेक्टर त्यातली काही जमीन गावच्या गुरांना फुकट चरायला राखून ठेवतो. ते गायरान. गायीचं रान. गावात ज्याच्या दावणीला गुरं त्याचा त्या रानावर हक्क. आमच्या बापजाद्यांच्या दावणीला गुरं कुठली? आमच्या वाट्याला ढोर यायचं ते मेल्यावर. जिती गाय त्यांची, मेलेली आमची. जितीला चरायला शेकडो एकर रान, आणि मेलेलीला ओढणाऱ्याला वीतभर नाही. गायरानावर नांगर धरला तो या हिशेबाविरुद्ध धरला.

हे कुणा एकाच्या डोक्यातून निघालेलं नाही. बाबासाहेब हयात असताना १९५३ सालीच मराठवाड्यात बी. एस. मोरे यांच्या पुढारपणाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. राज्य गेलं, जमीनदार जागेवरच होते. मग कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांना रस्त्यावर उतरवलं. दुसऱ्या वेळी देशभर लाखोंनी माणसं तुरुंगात गेली. बाया पोरं कडेवर घेऊन गेल्या. मागणी साधी होती: पडीक जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या. बीड जिल्ह्यात पुढं हे काम एकनाथ आव्हाडांनी नेलं. दुकडेगावात पोतराजाच्या घरी जन्मलेला माणूस, पँथरच्या हवेत घडलेला, लोक त्यांना जिजा म्हणायचे. २०१५ साली ते गेले. गायरान धरल्याबद्दल किती गावांत बहिष्कार पडला, किती उभी पिकं जनावरं घालून चारली, याचा हिशेब कुठल्या सरकारी वहीत नाही. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात आमची घरं जाळली, तेव्हा नावाचा राग होता तसा असल्या नांगराचाही राग होता.

सरकारला यातलं काहीच माहीत नव्हतं असं नाही. १९७८ साली शासन निर्णय निघाला: तोवरची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करा. २८ नोव्हेंबर १९९१ ला दुसरा निघाला: १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातलीही करा. १४ एप्रिल ही तारीख मुद्दाम घातलेली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची. जयंतीला हार घालावा तशी तारीख घातली. आजा हयात होता. त्यानं अर्ज केला. अर्ज तालुक्याच्या एका कचेरीत गेला आणि तिथं मेला. आज विचारायला गेलं की बाबू म्हणतो, फाईल मिळत नाही. दंडाची पावती मात्र दरसाल बरोबर मिळत गेली. तिची फाईल कधी हरवली नाही.

कायद्याची गंमत बघा. संहितेचं कलम ५० म्हणतं, अतिक्रमण काढा. लगेच पुढचं कलम ५१ म्हणतं, अतिक्रमण नियमितही करता येईल. दोन्ही कलमं शेजारी शेजारी, एका खोलीत राहणाऱ्या भावांसारखी. कुणाला पन्नास लावायचं आणि कुणाला एक्कावन्न, हे ठरवणारा हात कुणाचा आहे, सगळा प्रश्न तिथं आहे.

२८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग खटल्याचा निकाल दिला. प्रकरण पंजाबातलं, पतियाळा जिल्ह्यातलं. काही लोकांनी गावाचा तलाव बुजवून त्यावर घरं बांधली होती. कोर्ट म्हणालं, गावाच्या सामाईक जमिनीवरचे बेकायदा कब्जे काढा, सगळ्या राज्यांनी योजना करा. ठीक. तलाव बुजवणाऱ्याची बाजू आम्हाला घ्यायची नाही. पण त्याच निकालात कोर्टानं हेही म्हटलंय की भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारच्या अधिसूचनेखाली जमीन पट्ट्यानं दिलेली असेल, तर तो अपवाद. महाराष्ट्रात १२ जुलै २०११ ला शासन निर्णय निघाला. कचेऱ्यांत 'काढा' एवढं वाचलं गेलं. अपवादाच्या ओळीवर चहाचा कप ठेवला असावा. आणि अपवादात तरी आम्ही बसतो कुठं? पट्टा मिळायला फाईल सापडली पाहिजे! मग २०२२ साली मुंबई हायकोर्टानं गायरानांचा विषय स्वतःहून हातात घेतला. राज्यात गायरानावर सव्वादोन लाखांच्या आसपास बांधकामं आहेत असं सरकारनं तिथं सांगितलं. गावोगाव नोटिसा निघाल्या. घरवाल्याला गेल्या, पेरणाऱ्यालाही गेल्या.

आता कळीची गोष्ट. ग्रामीण भागाचा विकास व्हावा आणि पर्यावरण टिकावं म्हणून जमिनीच्या नियमांचा फेरविचार चालू आहे असं आपण ऐकतो. छान. कुणासाठी नियम सैल झाले आणि कुणासाठी आवळले ते नुसतं एका खाली एक लिहून काढा.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन घरासाठी वापरायची तर बिनशेतीची वेगळी परवानगी आता लागत नाही. नियम सैल. कुणाला? ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याला. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. तो मोडून गुंठ्या-गुंठ्यानं प्लॉट विकले, घेतले. २०२५ साली कायदा बदलून ते व्यवहार नियमित करायची वाट काढली. म्हणजे पैसे मोजून कायदा मोडला तर तो व्यवहार, आणि धोंडे वेचून मोडला तर अतिक्रमण.

सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ ला आला. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणार. मिळायलाच पाहिजे. त्यासाठी खासगी जमीन भाड्यानं घेतली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला. आणि सरकारी जमीन, त्यात गायरान आलं, नाममात्र एक रुपया भाड्यानं. गायरानाचा वापर बदलू नये म्हणून संहितेत २२-अ कलम आहे, पण 'सार्वजनिक प्रयोजन' म्हटलं की त्याचं दार उघडतं. सूर्यासाठी दार उघडतं. आजीसाठी उघडत नाही. ज्या जमिनीला एक रुपया भाडं, त्याच जमिनीचा आजीनं आजवर किती दंड भरला? डबा उघडून बेरीज करा.

बीडच्या माळावर वाऱ्यालाही आता किंमत आली आहे. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ ला खून झाला. एका पवनऊर्जा कंपनीकडं मागितलेली दोन कोटींची खंडणी त्याच्या मुळाशी आहे असं तपास सांगतो. त्याच्या आधी मार खाल्ला तो कंपनीच्या वॉचमननं. माळाला मोल येतं तेव्हा माळावरचा माणूस किती स्वस्त होतो ते जिल्ह्यानं बघितलं आहे.

संवर्धनाचंही तेच. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. मोर जगावेत, आमचं त्याच्याशी भांडण नाही. पण वनजमीन कसणाऱ्या बिगर-आदिवासी माणसानं २००६ च्या वनहक्क कायद्याखाली हक्क मागितला, तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथं राहत असल्याचा पुरावा द्या म्हणतात. पंचाहत्तर वर्षांमागं बीडमध्ये निजाम होता. निजामाच्या दफ्तरात वेठबिगारीची नोंद सापडेल. वहिवाटीची कोण ठेवणार होतं?

आपल्याच माणसांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कडू लागल्या तरी. गायरानावर धनगराची मेंढरं चरतात, आपल्याच वस्तीतल्या बाईची दोन शेरडं चरतात. त्यांचं रान तोडून आपलं शेत होता कामा नये. दुसरं, दलिताच्या नावानं गायरान धरायचं आणि मागून पैसेवाल्याला बटईनं द्यायचं, हा धंदाही चालतो. तो करणारा आपला नेता असला तरी त्याचं नाव गावात घ्या.

आणि कुणी म्हणेल, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना आहे की! २००४ पासून आहे. भूमिहीनाला सरकार जमीन विकत घेऊन देणार, चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. दादासाहेबांचं नाव दिलं, पण जमीन विकणारा गावात पाहिजे ना? आम्हाला कोण विकतो? जी जमीन आम्ही कसून दाखवली ती द्यायची नाही आणि जी कुणी विकत नाही ती घेऊन देतो म्हणायचं. या धोरणाला काय नाव द्यावं, मी कवी असून मला सुचत नाही.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. ई-पीक पाहणीत पीक दिसत नाही म्हणून विमा नाही. गारपिटीचे पैसे नाहीत. म्हणून दिवाळी झाली की उचल घ्यायची, कोयता घ्यायचा आणि जोडीनं ऊस तोडायला जायचं. माझा चुलता-चुलती आजही जातात. कधी गोदीत साखरेची पोती येतात, तेव्हा पाठीवर घेताना वाटतं, हा ऊस आपल्याच घरच्यानं तोडलेला असेल. अडीच-तीन एकराचा कागद असता तर चुलती या फडावर नसती आणि मी या धक्क्यावर नसतो.

झोपडपट्टीत राहणाऱ्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. आपल्याला फोटोपास मागतात. कट-ऑफ डेट आधी १९९५, मग २०००, मग २०११. मुंबईतल्या झोपडीची तारीख निवडणूक बघून पुढं सरकते. गायरानाची तारीख १४ एप्रिल १९९० वर अडकली आणि तिच्या आतल्यांनाही कागद मिळाला नाही.

म्हणून आमचं म्हणणं साफ आहे. गायरानाचा एक गुंठाही कुठल्या कंपनीला, कुठल्या झाडलावणीला देण्याआधी गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. १९९० च्या आतल्या भूमिहीनांच्या जमिनी आधी त्यांच्या नावावर करा. नाव बाईचंही लागलं पाहिजे. १-ई ला नोंद आज्याची आहे, तो मेला, कसणारी आजी कागदावर कुठंच नाही. चराईचं रान वेगळं मोजून राखा. आणि तलाव, ओढे, गायरान गिळलेल्या धनदांडग्यांना कलम ५० आधी लावा, मग आमच्याकडं या.

तुम्ही काय करायचं? येत्या उन्हाळ्यात गावी जा. लग्नाला जाताच, दोन दिवस जास्त राहा. आजी-आजोबांचा डबा उघडा. दंडाच्या पावत्या, पंचनामे, जुन्या केसेसचे कागद, सगळ्याचे फोटो काढा. तलाठ्याकडं १-ई चा उतारा मागा. तोंडी मागू नका, लेखी मागा, पोच घ्या. नाही दिला तर माहितीचा अधिकार आहे. फाईल हरवली म्हणाले तर हरवल्याचं लिहून मागा.

मी सुट्टी टाकली आहे. चार दिवसांचा खाडा पडेल, पडू दे. आजीनं डब्याला कुलूप लावलंय आणि चावी गळ्यात घातली आहे. परवा परत फोनवर म्हणाली, "दंड घेतला म्हंजी मला वळखत व्हते ना ते?"

ओळखत होते, आजी. चांगलं ओळखत होते.

जय भीम.